लवंगेचे दोनशे थेंब

मित्रांनो, आधी मला नीट बघून घ्या. वीतभर लांबीची काचेची नळी, खाली निमुळतं तोंड आणि डोक्यावर तपकिरी रबराचा फुगा. ड्रॉपर म्हणतात मला. वय चाळीसच्या आसपास. फुगा माझा तिसरा आहे, आधीचे दोन म्हातारे होऊन चिरले. पण काच पहिलीच आहे आणि तिच्यावर एक ओरखडा नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण हल्ली जो तो त्या प्लास्टिकच्या ड्रॉपरचं कौतुक करत सुटलाय. एकदा वापरायचे आणि कचऱ्यात टाकायचे, ते कसले ड्रॉपर! त्यांना काय कळणार थेंब म्हणजे काय ते?

थेंबाचं मला विचारा. माझ्या तोंडातून वीस थेंब पडले की एक मिलिलिटर भरतो. एकोणिसात नाही आणि एकविसातही नाही. ज्या कारागिरानं मला घडवलं त्यानं निळ्या ज्योतीवर काच तापवून माझं टोक ओढलं, आणि ओढताना स्वतःचा श्वास रोखून धरला होता. त्याचं नाव मला माहीत नाही. त्याचे हात मात्र मला अजून आठवतात.

मी भुशाच्या खोक्यातून चिकलठाण्याला आलो. तिथं अर्क बनवणारा एक कारखाना होता. गुलाब, केवडा, व्हॅनिला, संत्रं असे अर्क आम्ही बनवायचो आणि ते आइस्क्रीमवाल्यांकडे, बिस्किटवाल्यांकडे जायचे. तिथल्या प्रयोगशाळेत मी श्रीनिवास पाटोदेकर यांच्या हातात पडलो. तेव्हा ते नवे नवे लागलेले, सडपातळ, थोडे लाजाळू. पण त्यांचं नाक! काय सांगू तुम्हाला! बाहेरगावाहून व्हॅनिलाचं एक पिंप आलं होतं. साहेबांनी नुसतं झाकण उघडून हुंगलं आणि म्हणाले, ‘हे पिंप ट्रकमध्ये रॉकेलच्या शेजारी ठेवलं होतं.’ ड्रायव्हरला बोलावून विचारलं तर तो कान धरून कबूल झाला. त्या दिवसापासून सगळा कारखाना साहेबांना मानायला लागला. मीही तिथंच होतो त्यांच्या हातात, म्हणून थोडा मान माझ्याही वाट्याला आला असं मी समजतो.

पुढे कारखाना बिडकीनकडे नव्या जागेत गेला. तिथं थेंब मोजायला यंत्रं आली. साहेबांची निवृत्तीही त्याच सुमारास झाली. निरोपाच्या दिवशी मॅनेजर म्हणाले, आठवण म्हणून प्रयोगशाळेतली एखादी वस्तू घेऊन जा. लोकांनी भिंतीवरची घड्याळं नेली, खुर्च्या नेल्या. साहेबांनी मला उचललं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. लोक हसले. हसू देत, मला काही वाटलं नाही.

आता पुढची गोष्ट वाइनची आहे, म्हणून आधीच बजावून ठेवतो. वाइन हे मोठ्या माणसांचं काम. तुमचा आणि तिचा काही संबंध नाही. तुम्ही फक्त थेंबांकडे लक्ष द्या.

साहेबांच्या हाताखाली शिवराज नावाचा एक माणूस होता. कन्नडजवळ त्याची शेती, त्यात दोन एकर काळी द्राक्षं. कारखाना गेल्यावर तो पूर्णवेळ शेतीच बघायला लागला. दर वर्षी मार्चमध्ये तो जीपमधून द्राक्षांची क्रेटं घेऊन साहेबांच्या गारखेड्यातल्या घरी यायचा आणि दोघं मिळून घरच्यापुरती वाइन करायचे. द्राक्षं चुरडायची, साखर आणि यीस्ट घालायचं, महिनाभर फसफसू द्यायचं. मग गाळ खाली बसला की वरची नितळ वाइन काचेच्या मोठ्या बुधल्यात काढून ठेवायची. बुधला जिन्याखालच्या खोलीत असायचा, कारण स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता. साहेबांच्या बायकोनं, कालिंदीकाकूंनी, पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, ‘माझ्या देवांच्या समोरून ते औषध न्यायचं नाही.’ काकू स्वतः वाइनचा एक थेंब कधी जिभेला लावत नाहीत. सात-आठ महिन्यांनी, डिसेंबर उजाडला की, माझं काम सुरू व्हायचं.

वाइनमध्ये अर्क घालणं म्हणजे चहात साखर घालणं नव्हे बरं का. साहेबांची पद्धत ठरलेली. फसफस पूर्ण थांबल्याशिवाय अर्काची बाटली उघडायचीच नाही, नाहीतर बुडबुड्यांबरोबर सगळा वास उडून जातो. मग चार पेले घ्यायचे. प्रत्येकात शंभर मिलिलिटर वाइन. पहिला पेला कोरा, दुसऱ्यात एक थेंब, तिसऱ्यात दोन, चौथ्यात तीन. वास घ्यायचा, एक घोट घ्यायचा, चूळ भरायची, पुढचा पेला घ्यायचा. लगेच ठरवायचं नाही. पेले झाकून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वास घ्यायचा, कारण अर्क रात्रभरात फुलतो. जो पेला आवडेल त्याच्या हिशेबानं बुधल्यात अर्धाच अर्क घालायचा आणि उरलेला दोन दिवसांनी. साहेब म्हणायचे, ‘शिवराज, घातलेला थेंब बाहेर काढता येत नाही.’ शिवराज दर वर्षी ‘व्हय साहेब’ म्हणायचा आणि दर वर्षी घाई करायचा.

अर्कही साहेब घरीच करायचे. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांत व्होडका, आणि तिच्यात लवंगा, नाहीतर दालचिनी, नाहीतर मोसंबीची साल. रोज एकदा बाटली हलवायची, रोज वास घ्यायचा. तीन आठवड्यांनी नाकानं ‘बास’ म्हटलं की गाळून घ्यायचं. कोणत्या वर्षी काय घातलं ते सगळं एका वहीत लिहिलेलं. लवंगेपुढे लिहिलेलं होतं, शंभराला दोन थेंब.

ही वाइन जायची हुरड्याला. जानेवारीत ज्वारीची कणसं दुधात आली की शिवराजच्या शेतावर कारखान्यातली जुनी मंडळी जमायची. तिथं एक खेळ असायचा. पॅकिंगमधला कडुबा एका बाटलीत काहीतरी आणायचा, वर फडकं गुंडाळून. साहेब डोळे मिटायचे. मी बाटलीतून एक थेंब घ्यायचो आणि कागदाच्या पट्टीवर सोडायचो. साहेबांनी वास घेऊन ओळखायचं. एका वर्षी कडुबानं शेवग्याच्या फुलांचं पाणी आणलं होतं, तेही साहेबांनी ओळखलं. अकरा वर्षांत ते एकदाही चुकले नाहीत. वर्षभर मी टेबलावर पेनांच्या डब्यात पडून असायचो, कुणी बघायचं नाही, पण त्या एका दिवसाच्या जोरावर मला त्याचं काही वाटायचं नाही.

आणि मग गेल्या ऑगस्टमध्ये साहेबांना ताप आला.

ताप आठवडाभरात उतरला. साहेब उठले, हिंडायला लागले. पण पेनांच्या डब्यातून मला स्वयंपाकघराचं दार दिसतं, आणि मला काही गोष्टी खटकायला लागल्या. काकू भाजी आणायला गेल्या होत्या आणि गॅसवर दूध होतं. दूध उतू गेलं, मग करपलं, घर धुरानं भरलं. साहेब चार हातांवर बसून पुस्तक वाचत होते. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कुठे उठले. काकू येण्याआधी त्यांनी पातेलं घासून ठेवलं आणि विचारल्यावर म्हणाले, ‘लक्षच नव्हतं गं.’ आणखी एकदा आमटी आंबली होती. काकूंनी ताट वाढलं, स्वतः पहिला घास घेतला आणि ‘शी!’ म्हणून उठल्या. साहेबांची वाटी तोवर रिकामी झाली होती.

मी काय समजायचं ते समजलो. पण मला तोंड असून बोलता कुठे येतं?

साहेब रोज सकाळी जिन्याखालच्या खोलीत जायचे. एकेक बाटली उघडून नाकाशी धरायचे, खोल श्वास घ्यायचे. आणि मग बूच लावून ठेवून द्यायचे. जसजसा हुरडा जवळ यायला लागला तसे ते गप्प गप्प व्हायला लागले. एकदा शिवराजचा फोन आला, ‘साहेब, कडुबा म्हनतोय यंदा लई अवघड बाटली हाय!’ साहेब हसले. फोन ठेवून ते पुन्हा जिन्याखालच्या खोलीत गेले.

रविवारी हुरडा होता. त्याच्या आधीच्या मंगळवारी साहेबांनी मला डब्यातून काढलं. काकू भिशीला गेल्या होत्या. साहेबांनी लवंगेची बाटली घेतली. त्या लवंगा जुलैत घातल्या होत्या, त्यांच्या मुलीनं, सावनीनं, केरळहून आणलेल्या टपोऱ्या लवंगा. नंतर ताप आला आणि बाटली कुणी गाळलीच नाही. तीन आठवड्यांचं काम पाच महिने चाललं होतं. एरवी चहाच्या रंगाचा असतो तो अर्क आता काळपट झाला होता, माझ्या नळीत जड जड वाटत होता.

साहेबांनी चार पेले काढले नाहीत. काढून काय उपयोग होता? त्यांनी वही उघडली, ‘शंभराला दोन’ वाचलं, दहा लिटरचा हिशेब केला आणि थेट बुधल्यात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. अहो, निम्मे तरी ठेवा! मी मनातल्या मनात ओरडत होतो. फुगा दाबला जात होता आणि माझ्या तोंडातून थेंब पडत होते. एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे नव्याण्णव, दोनशे. मित्रांनो, चाळीस वर्षांत मी एक थेंब चुकवला नाही, आणि त्या दिवशी तेच माझं पाप ठरलं.

संध्याकाळी काकू आल्या. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तिथूनच विचारलं, ‘अहो, दाढ दुखतेय का तुमची?’

‘नाही. का गं?’

‘सगळ्या घरात लवंगेच्या तेलाचा वास सुटलाय. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतंय मला!’

‘वाइनमध्ये घातलाय अर्क,’ साहेब म्हणाले. ‘हवा तेवढाच आहे.’

काकू घरात आल्या. जिन्याखालच्या खोलीच्या दाराशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग साहेबांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब टेबलाशी पेपर वाचत होते. काकू मागून आल्या, पावलांचा आवाज न करता. हातात हिंगाची डबी होती. त्यांनी झाकण काढलं आणि डबी साहेबांच्या खांद्यावरून पुढे, नाकाच्या अगदी खाली धरली. हिंग, मित्रांनो! बंद डबीतूनसुद्धा शेजाऱ्याला कळतो तो. साहेबांनी पेपरचं पान उलटलं. क्रीडा पान होतं. ते वाचायला लागले.

काकूंनी डबी हळूच तिरकी केली. थोडा हिंग पेपरवर सांडला, तेव्हा साहेबांनी खाली बघितलं.

‘कधीपासून?’ काकूंनी विचारलं.

‘काय कधीपासून?’

‘मी मघापासून हिंगाची डबी धरून उभी आहे इथं.’

साहेबांनी पेपर घडी करून ठेवला. चष्मा काढला. ‘तापापासून,’ ते म्हणाले. ‘डॉक्टरांना दाखवलं होतं. म्हणाले, काहींना वास परत यायला लागतो, काहींना नाही.’

‘डॉक्टरांना दाखवलंत आणि मला सांगितलं नाहीत? चार-साडेचार महिने मी विचारतेय, भाजी कशी झालीय, आणि तुम्ही छान छान म्हणताय!’

‘छानच असणार ना ती. तुझ्या हातची होती.’

काकू चिडल्या होत्या, खूप चिडल्या होत्या. तरी त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मग साहेब बोलायला लागले, आणि चार महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. म्हणाले, ‘मला दुसरं काय येतं, सांग? ना मला गाता येतं, ना चार लोकांत बोलता येतं. लोक मला बोलावतात ते या नाकासाठी. रविवारी कडुबा बाटली काढेल. मी काय सांगू त्यांना? अकरा वर्षं ती माणसं वाट बघतात त्या खेळाची. मला वाटलं, निदान वाइन तरी वहीवरून नीट होईल.’

‘ती नीट झालेली नाही,’ काकू म्हणाल्या. सांगताना त्यांचा आवाज मऊ होता. ‘फार बिघडलीय.’

साहेब रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं आणि मला फार वाईट वाटलं. ते थेंब माझ्याच तोंडातून पडले होते.

शिवराजला काकूंनीच फोन केला. त्याच्याकडे त्याच द्राक्षांची, त्याच्या वाट्याची दहा लिटर कोरी वाइन होती, अर्क न घातलेली. जास्त झालेला अर्क काढता येत नाही, पण कोऱ्या वाइनमध्ये मिसळून पातळ करता येतो. गुरुवारी दुपारी शिवराज कॅन घेऊन हजर झाला. काकूंनी त्याला सगळं सांगितलं. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. शिवराजनं मला उचललं, मोरीत नेलं, माझा फुगा काढून रिठ्याच्या पाण्यात मला आतून बाहेरून धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं, लवंगेचा वास जाईपर्यंत. मग मला पुसत बाहेर आला आणि म्हणाला, ‘साहेब, चार पेले लावू का?’

‘लाव. पण वास कोण घेणार?’

‘माझ्या नाकाचं तर नावच नका घिऊ. तंबाखूनं त्याची पार वाट लागलीया.’

तेव्हा काकू म्हणाल्या, ‘मी घेते. चाखणार नाही हं मी. पण वास घ्यायला काही हरकत नाही.’

साहेब म्हणाले, ‘न चाखता कसं ठरवणार तू?’

काकूंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की बस. ‘महालक्ष्म्यांचा स्वयंपाक चाळीस वर्षं कोण करतंय? सोळा भाज्या, आमटी, पुरण. नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखता येतं का? आजवर कधी मीठ चुकलंय माझं? कधी पुरणात जायफळ जास्त झालंय? वाफेवरनं कळतं मला.’

मित्रांनो, मी अवाक झालो. नैवेद्य उष्टा करायचा नाही म्हणून काकूंनी जन्मभर नुसत्या वाफेच्या वासावरून मीठमसाला ठरवला होता, आणि त्याच घरात साहेबांच्या नाकाची वाहवा चालली होती. वर्षानुवर्षं पेनांच्या डब्यात बसून मला हे दिसलं नव्हतं. साहेबांनाही नाही.

जिन्याखालच्या खोलीत चार पेले मांडले गेले. पहिल्यात बिघडलेली आणि कोरी वाइन निम्मी निम्मी. दुसऱ्यात एका वाट्याला तीन वाटे कोरी. तिसऱ्यात एकाला पाच. चौथा नुसता कोरा. काकूंनी पदर खोचला आणि वाकून एकेका पेल्याचा वास घेतला. पहिल्याला नाक मुरडलं. दुसऱ्यापाशी थांबल्या, तिसऱ्याकडे गेल्या, पुन्हा दुसऱ्याकडे आल्या.

‘दुसऱ्यात लवंग पुढे पुढे करतेय. तिसऱ्यात बरी वागतेय. पण तिसऱ्यात काहीतरी उणं आहे. पुरणात वेलची घातली आणि जायफळ विसरलं तर कसं लागतं, तसं.’

साहेब एकदम पुढे आले. ‘खालून उणं वाटतंय की वरून?’

‘वरून. काहीतरी ताजं हवंय.’

‘मोसंबीची साल!’ साहेब म्हणाले. ‘शिवराज, ती तिसरी बाटली दे. ही गाळलेली आहे, मी सप्टेंबरात वहीच्या तारखेवरून गाळली होती. कालिंदी, आधी हिचा वास घेऊन बघ.’

काकूंनी वास घेतला, मान हलवली. मी एक थेंब घेतला आणि तिसऱ्या पेल्यात सोडला. काकूंनी पुन्हा वास घेतला. ‘अजून एक,’ त्या म्हणाल्या. मी अजून एक सोडला. ‘बास. आता झाकून ठेवा. उद्या बघू.’

उद्या बघू! हे ऐकल्यावर साहेबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. शुक्रवारी काकूंनी पुन्हा वास घेऊन होकार दिला. मग बुधल्यातली दोनच लिटर शिवराजच्या दहा लिटर कोरीत मिसळली, आणि मोसंबीचा अर्धा अर्क शुक्रवारी, उरलेला, दोन दिवस थांबायला वेळ नव्हता म्हणून, शनिवारी, असं जवळजवळ रीतसर काम झालं. शिवराजनं घोट घेऊन बघितला आणि म्हणाला, ‘काकू, लई भारी! साहेब, यवढी चांगली तर आपली कधीच झाली न्हवती.’

राहता राहिला कडुबाचा खेळ. साहेबांनी शनिवारी काकूंना विचारलं, ‘तू माझ्या मागे उभी राहशील का? वास घे आणि हळूच सांग. कुणाला कळणार नाही.’

काकू म्हणाल्या, ‘उभी राहीन. तुम्ही विचारलंत तर सांगेन. पण मला हे पटत नाही, हेही सांगते.’

रविवारी शिवराजच्या शेतात आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, लसणाच्या चटणीबरोबर आणि गुळाबरोबर खायची. सगळी मंडळी सतरंजीवर बसली होती. काकू शिवराजच्या बायकोबरोबर कणसं चोळत होत्या, हात काळे झाले होते. स्टीलच्या पेल्यांतून वाइन फिरली. कडुबानं एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाला, ‘साहेब, तुमच्या नाकाला तोड न्हाई बघा! काय जमलीया यंदा!’ बाकीच्यांनीही माना डोलवल्या. साहेब आगटीकडे बघत होते. मी त्यांच्या खिशात होतो. त्यांचं काळीज धडधडत होतं ते मला काचेला लागत होतं.

मग कडुबानं पिशवीतून बाटली काढली. लहानशी, फडक्यात गुंडाळलेली. काकू उठल्या, हात पुसले आणि साहेबांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी डोळे मिटले. मी बाटलीत उतरलो, एक थेंब घेतला.

मित्रांनो, मी तो थेंब ओळखला. लगेच ओळखला. ओरडून सांगावंसं वाटलं मला. पण मी तो मुकाट्यानं पट्टीवर सोडला आणि साहेबांनी पट्टी नाकाशी धरली. सगळे वाट बघत होते. काकू किंचित पुढे झुकल्या होत्या. साहेबांनी नुसती मान मागे वळवायची होती.

त्यांनी डोळे उघडले. ‘कडुबा,’ ते म्हणाले, ‘मला वास येत नाही. ऑगस्टपासून काहीच येत नाही. आणि ही वाइन माझी नाही. माझी मी बिघडवली होती. ज्या नाकाचं तुम्ही मघापासून कौतुक करताय ते हिचं आहे, आणि ही इतका वेळ तिकडे कणसं चोळत बसली होती. मला ते बघवेना.’

आगटीत एक कणीस तडतडलं. कडुबाचा चेहरा पडला. ‘साहेब, आधी सांगायचं व्हतं ना. मी ही बाटली आणलीच नसती.’

‘आणलीस ते बरं केलंस. हिला दे.’

साहेबांनी स्वतःच ती पट्टी काकूंच्या हातात दिली. काकूंनी वास घेतला. एकदा घेतला, आणि पट्टी तशीच धरून त्या सतरंजीच्या कडेला बसल्या.

‘याचं नाव मला नाही सांगता येणार,’ त्या म्हणाल्या. ‘पण हा यांच्या सदऱ्याचा वास आहे. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं रोज संध्याकाळी हे चिकलठाण्याहून आले की दारातून हाच वास आत यायचा. सदरा धुतला तरी जायचा नाही. मग एकाएकी यायचा बंद झाला. मी तेव्हा विचारलंही नव्हतं का ते.’

कडुबाच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘दोनच वर्षं निघाला तो खस, म्हंजी वाळा, वहिनी. साहेबांनी केलेला पहिला अर्क. मग कंपनीनं बंद केला. पॅकिंगमधली शेवटची बाटली मी ठिवून दिली व्हती.’

साहेबांनी पट्टी परत मागितली नाही. ते काकूंच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, ‘कसा येतोय गं? सांग ना मला.’

काकूंनी पट्टी पुन्हा नाकाशी नेली. ‘आधी नव्या माठाचा येतोय,’ त्या म्हणाल्या. ‘मग जरा लिंबाच्या सालीचा. आणि मग तुम्ही.’ साहेब ऐकत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं, पण मी शपथेवर सांगतो, ते खूश होते.

साहेबांना अजून वास येत नाही, मित्रांनो. कदाचित येणारही नाही. आता मोजतात ते आणि वास घेतात काकू. वहीत दोघांची अक्षरं आहेत. मला काम आहे, आणि रोज रिठ्याच्या पाण्यात अंघोळ आहे. माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरात असेल तर तिला फेकू नका, धुऊन पुसून ठेवा, एवढं तर मी मागणारच.

पण दुसरं मागणं त्याहून मोठं आहे. तुमच्या घरात आजोबा असतील, आजी असेल. त्यांना नीट दिसतं का, ऐकू येतं का, जेवणाची चव लागते का, हे कधीतरी जवळ बसून विचारा. ते म्हणतील, ‘हो, येते की! मला काय झालंय?’ तरी उठू नका. अजून एकदा विचारा.